गाणं कधी सुरू होणार? (वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात या पानावर अ‍ॅनिमल्स अ‍ॅज लीडर्स या बँडबद्दल लिहिलं आणि पत्रांचा पाऊस पडला, निम्मी पत्रं "वा, मस्त" अशी आणि निम्मी "हे काय ऐकायला लावलंत" अशी. तो अंक हुकला असेल तर थोडक्यात सांगतो. वॉशिंग्टन डीसीचा बँड आहे, टोसिन अबासी आणि हावियर रेयेस आठ तारांच्या गिटार वाजवतात, मॅट गार्स्टका ड्रम्स वाजवतो, संपला बँड. गायक नाही, स्टेजवर बेस वाजवणारासुद्धा नाही. मेटलचा दणका आणि जॅझ फ्यूजनचे (म्हणजे जॅझ आणि रॉकच्या सरमिसळीचे) कॉर्ड्स, दोन्ही एकाच गाण्यात. बऱ्याच जणांनी नाव छापू नका असं कळवलंय म्हणून मग कुणाचंच छापत नाही, सगळे सारखे.

प्रश्न: माझा मुलगा वीस वर्षांचा आहे, दिवसभर त्याच्या खोलीतून हे म्युझिक येत असतं. मी गाणी ऐकणारी बाई आहे, पण यात गाणारं कुणीच नाही. परवा दहा मिनिटं वाट बघून त्याला विचारलं की अरे गाणं कधी सुरू होणार, तर तो नुसता हसत सुटला. यात ऐकायचं तरी काय?

ताई, पोरगा हसला असेल, पण तुमचा प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे. आपण शब्द धरून ऐकतो. शब्द आले की कान तिकडे पळतो आणि मागे काय वाजतंय ते आपोआप "मागचं" होऊन जातं. आता शब्दच काढून घेतले तर कानाला धरायला काही उरत नाही आणि मग सगळंच मागचं वाटायला लागतं, म्हणजे पडदा वर गेलाय, लाइट लागलेत आणि स्टेजवर कुणी येतच नाहीये असं. पण सनई ऐकताना आपण विचारतो का की गाणारा कधी येणार? नाही विचारत, कारण सनईच गातेय हे आपल्याला ठाऊक असतं. इथेही कुणीतरी गातंच असतं, फक्त कोण ते दर मिनिटाला बदलतं, कधी एक गिटार, कधी दुसरी, आणि कधी कधी चक्क ड्रम्स.

एक करून बघा. पोराला सांगा की पहिल्यांदा प्लिनीचा 'हँडमेड सिटीज' लाव. हा सिडनीचा गिटारिस्ट, अल्बम २०१६ चा, यातही गायक नाही पण सुरावटी इतक्या सरळ आहेत की दुसऱ्या वेळी तुम्ही गुणगुणायला लागाल. एक सुरावट पकडायची आणि ती परत कधी येते, आली तर कुठल्या वेशात येते एवढंच बघायचं. बाकीचा गोंधळ सध्या सोडून द्या, तो नंतर आपला आपण उलगडतो.

आणि गायक मिळाला नाही म्हणून असं झालंय असं समजू नका हं. अबासी आधी रिफ्लक्स नावाच्या बँडमध्ये होता, तिथे आरडाओरडा करणारा गायक होताच. तो बँड फुटल्यावर रेकॉर्ड कंपनीने त्याला सोलो अल्बम करतोस का विचारलं, तर हा नको म्हणाला, स्वतःच्या एकट्याच्या नावावर अल्बम काढणं त्याला फार आत्मप्रौढीचं वाटलं. मग संगीत शिकायला गेला, परत आला, तेव्हा कुठे हो म्हणाला आणि २००९ मध्ये पहिला अल्बम आला. म्हणजे हा सगळा विचार करून केलेला उद्योग आहे.

प्रश्न: ड्रम्स शिकतोय, दोन वर्षं झाली. या लोकांची गाणी मोजायला बसलो की डोकं फिरतं. सात मोजू, तेरा मोजू की तेवीस मोजू? मित्र म्हणतो की ते चारच आहेत. कसं काय??

मित्र बहुतेक वेळा बरोबर आहे, त्याला चहा पाज.

तू गिटार मोजतोयस, तीच चूक होतेय. गिटारकडे दुर्लक्ष कर आणि ड्रमरच्या सिंबलवाल्या, म्हणजे झांजेवरच्या, हाताकडे बघ. या संगीताची अर्धी युक्ती स्वीडनच्या मेशुगा या बँडकडून आलीय, आणि त्यांचा ड्रमर टोमास हाके अनेक गाण्यांत काय करतो, तर एक हात सिंबलवर अगदी शांतपणे एक-दोन-तीन-चार देत बसतो, बॅकबीटचा स्नेअर (ठेका धरणारा ड्रम) तोही जागेवर, आणि पाय मात्र गिटारसोबत भलत्याच मापाचं काहीतरी तुडवत असतात. वरचा मजला चारचा आणि खालचा मजला सातचा. तू खालच्या मजल्यावर उभा राहून वरचा मोजायला बघतोयस.

आता बसल्याजागी हे कर. उजव्या हाताने मांडीवर एकसारखे ठोके दे, घाई नको. तोंडाने 'तकिट तकधिमि' म्हण, सात अक्षरं आहेत. एका ठोक्यात चार अक्षरं बसवायची, काय वाट्टेल ते झालं तरी चारच. पहिला ठोका पहिल्या 'त'वर पडेल. दुसरा ठोका 'क'वर. तिसरा येईपर्यंत बोल दुसऱ्यांदा सुरू झालेला असेल आणि ठोका 'कि'वर पडेल, मग 'धि'वर, मग 'ट'वर, मग 'मि'वर, मग मधल्या 'त'वर, आणि आठवा ठोका परत पहिल्या 'त'वर. सातही अक्षरांना एकेकदा ठोका मिळाला आणि मगच घरी आला. पहिले दोन दिवस हात जिभेच्या मागे पळेल, पळू दे, हात सांभाळ, जीभ आपोआप येते.

पुढची गंमत अशी की चार चार ठोक्यांच्या चार बारमध्ये (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन) अशी चौसष्ट अक्षरं मावतात. सात नव्वे त्रेसष्ट. म्हणजे बोल नऊ वेळा म्हटला की एकच अक्षर उरतं, तिथे एक 'ता' टाकायचा आणि पाचव्या बारच्या एकवर सगळे एकत्र धाडकन पडायचं. तो जो धाडकन क्षण आहे ना, ज्याला मेटलवाले मान हलवतात, तो आणि तिहाई समेवर आल्यावर जी "वा" निघते ती, सख्खी भावंडं आहेत. फक्त मेटलवाले दाद देताना केस उडवतात.

हे सगळं मी शहाण्यासारखं सांगतोय पण आमच्या बँडच्या पहिल्याच कार्यक्रमात मी असला सातचा रिफ (पुन्हा पुन्हा वाजणारा गिटारचा तुकडा) नऊऐवजी दहा वेळा वाजवला होता. प्रेक्षकांना काही कळलं नाही. ड्रमरला कळलं, आणि त्याने उरलेला कार्यक्रमभर माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी अजून विसरलेलो नाही.

प्रश्न: जेंट म्हणजे नक्की काय? सगळे वेगवेगळं सांगतात.

आवाज आहे तो. जाड तारांवर तळहात टेकवून, भरपूर डिस्टॉर्शन (आवाज फाटका करणारा इफेक्ट) लावून कॉर्ड मारला की जो 'ज्यँट' असा कोरडा आवाज येतो त्याचं नाव. शब्दाचं मूळ मेशुगाचा गिटारिस्ट फ्रेड्रिक थोर्डेंडाल याच्यापर्यंत नेतात आणि तो सगळीकडे पसरवला तो पेरिफेरी या बँडच्या मिशा मन्सूरने. पुढे आवाजाचं नाव अख्ख्या प्रकाराला चिकटलं आणि आता ज्या बँडला म्हणाल तो म्हणतो आम्ही जेंट नाही. भांडत बसू नका.

प्रश्न: चाळीस वर्षं जॅझ ऐकतोय. तुम्ही या मुलांना फ्यूजन म्हणता ते मला पटत नाही. जॅझमध्ये एकच ट्यून दोन रात्री सारखी वाजत नाही, आणि ही मुलं रेकॉर्डवर जे आहे ते स्टेजवर अगदी स्वल्पविरामासकट वाजवतात. यात जॅझ कुठे आहे?

काका, आलेल्या पत्रांत हा सगळ्यात चांगला प्रश्न, आणि निम्मा मी आत्ताच मान्य करून टाकतो. पण उरलेल्या निम्म्यासाठी थोडं मागे जाऊ.

१९७१, न्यूयॉर्क. गिटारिस्ट जॉन मॅकलॉफ्लिन, ज्याने त्याआधी जॅझचा बडा ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिसकडे वाजवलेलं होतं, तो महाविष्णू ऑर्केस्ट्रा हा बँड काढतो. ड्रम्सवर बिली कॉबम, कीबोर्डवर यान हॅमर, व्हायोलिनवर जेरी गुडमन, बेसवर रिक लेअर्ड. आवाज रॉकसारखा मोठ्ठा, ड्रम्स मेटलच्या बापाला शोभतील असे, आणि गिटार-व्हायोलिन-सिंथ तिघे मिळून एकच सुरावट इतक्या वेगात वाजवतात की कागदावर लिहिल्याशिवाय ते शक्यच नाही. म्हणजे बघा, फ्यूजनमध्ये "आधी लिहिलेलं" हे पहिल्या दिवसापासून आहे. १९७३ च्या 'बर्ड्स ऑफ फायर'चं शीर्षकगीत अठराच्या मापात आहे, गायक नाही, दणका आहे. त्यावर आज जरा जाड गिटार चढवली तर पोरं त्याला प्रोग मेटलच (गुंतागुंतीच्या रचनांचं मेटल) म्हणतील. (हाच मॅकलॉफ्लिन पुढे झाकीर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांच्यासोबत शक्ती हा बँड काढतो, तो वेगळाच विषय, कधीतरी त्यावर अख्खं पान लिहायचंय.)

दुसरा दुवा अ‍ॅलन होल्ड्सवर्थ. तुम्ही ऐकला असेलच. याला मुळात सॅक्सोफोनसारखं फुंकून वाजवायचं वाद्य हवं होतं, हातात आली गिटार, मग त्याने गिटारच फुंकल्यासारखी वाजवली. उजव्या हाताने तार छेडणं कमीत कमी, डाव्या हाताच्या बोटांनीच सूर एकमेकांत ओतत न्यायचे, आणि कॉर्ड तर असे की दुसऱ्या माणसाची बोटं तिथवर पोचणार नाहीत. तो २०१७ मध्ये गेला. मेटलमध्ये त्याने स्वतः फारसं वाजवलं नाही, पण त्याची सावली बघा कुठवर पडलीय, मेशुगाच्या त्या भयंकर दणक्याच्या मध्ये थोर्डेंडालचा सोलो येतो तो अचानक वाफेसारखा तरंगायला लागतो, ते होल्ड्सवर्थचं देणं. आणि डेरेक शेरिनियन आणि व्हर्जिल डोनाटी यांच्या प्लॅनेट एक्स या बँडने २००७ च्या 'क्वांटम'मध्ये तर थेट त्यालाच पाहुणा म्हणून बोलावलं.

आणि तिथल्या तिथे सुचलेलं हवं असेल तर तेही आहे हो. लिक्विड टेन्शन एक्स्पेरिमेंट नावाचा बँड. ड्रीम थिएटर या प्रोग मेटल बँडचे जॉन पेट्रुची आणि माइक पोर्टनॉय, सोबत जॉर्डन रुडेस आणि टोनी लेव्हिन. त्यांच्या १९९८ च्या पहिल्या अल्बममध्ये शेवटी जवळजवळ अर्ध्या तासाचा एक तुकडा आहे, बसले आणि वाजवत सुटले, नाव काय तर 'थ्री मिनिट वॉर्निंग'! दुसऱ्या अल्बमचं रेकॉर्डिंग चालू असताना पेट्रुचीच्या बायकोच्या कळा सुरू झाल्या, तो धावत गेला, आणि मागे उरलेले तिघे गप्प बसायचं सोडून जॅम करत बसले. ते रेकॉर्डिंग २००७ मध्ये लिक्विड ट्रायो एक्स्पेरिमेंट या नावाने बाहेर आलं. याहून जास्त जॅझ वागणूक काय असते सांगा.

तरी तुमची तक्रार उरतेच, ती मी खोडत नाही. अ‍ॅनिमल्स अ‍ॅज लीडर्समध्ये जॅझ आहे तो कॉर्ड्समध्ये, सुरांच्या निवडीत, गार्स्टकाच्या मनगटात. ऐनवेळी वाट सोडून भटकायची मोकळीक फार कमी. ते मांडणी करणारे लोक आहेत, आणि इतकी दाट मांडणी केली की एकाने वाट सोडली तर बाकीचे दोघे खड्ड्यात. मला स्वतःला त्यांना एकदा तरी चुकताना ऐकायचंय.

प्रश्न: तीन वर्षं सहा तारांची गिटार वाजवतोय, आता आठ तारांची घेऊ का? अबासीसारखं थंपिंग करायचंय.

नको. आता का नको ते.

साध्या गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण ८२ वेळा थरथरते. आठ तारांच्या गिटारची जाड तार नेहमीच्या ट्यूनिंगला एफ शार्प असते, साधारण ४६. अबासी आणि मंडळी ती आणखी उतरवून बऱ्याचदा ई-वर आणतात, म्हणजे ४१, म्हणजे चार तारांच्या बेस गिटारची सगळ्यात जाड तार जिथे असते तिथेच. आता कळलं ना त्यांना बेसवाला का लागत नाही? त्याची खोली यांनी आधीच बळकावलीय. पण तू जर बेसवाला असलेल्या बँडमध्ये ही गिटार घेऊन गेलास तर दोघं एकाच खोलीत भांडणार आणि बाहेर नुसती गुरगुर ऐकू येणार.

दुसरं, एवढी जाड तार नेहमीच्या साडेपंचवीस इंची लांबीवर ढिली पडते, सूर लोळतो, म्हणून या गिटार सत्तावीस इंच किंवा त्याहून लांब असतात. काहींचे फ्रेट (मानेवरच्या धातूच्या पट्ट्या) तर पंख्यासारखे तिरके, जाड तारेला लांबी जास्त आणि बारीक तारेला कमी. तुझी बोटं ज्या अंतराला सरावलीत ते सगळं बदलणार.

तिसरं आणि खरं कारण. दुकानात बघताना वाटतं की दोन तारा जास्त म्हणजे सूर जास्त. घरी आणल्यावर कळतं की दोन तारा जास्त म्हणजे गप्प ठेवायच्या तारा जास्त. एवढं गेन (आवाजाची चढवलेली ताकद) लावल्यावर एक तार वाजवताना बाकीच्या सातही कुजबुजायला लागतात, आणि हे लोक अर्धं कौशल्य त्यांना दाबण्यात घालवतात. नटजवळ (गिटारच्या डोक्याकडे, जिथून तारा सुरू होतात) तारांवर कापडी पट्टा किंवा चक्क केसांचा जाड रबरबँड गुंडाळलेला दिसतो ना, तो त्यासाठी. स्टाइल नाही ती.

राहिलं थंपिंग, त्याला आठ तारा लागतच नाहीत. मूळ बेसवाल्यांचं तंत्र, व्हिक्टर वूटनचे व्हिडिओ बघ, अंगठा तार मारून खाली जातो आणि वर येतानाही तीच तार उचलतो, म्हणजे अंगठ्याचाच प्लेक्ट्रम (तार छेडायची चकती) झाला. मग डाव्या हाताने एक सूर ठोकायचा आणि तर्जनीने वरची तार उपटायची. अंगठा खाली, अंगठा वर, डावा हात, तर्जनी, हे चार आवाज एकसारख्या जोराचे आले पाहिजेत, डोळे मिटून ऐकलं तर कुठला कुणाचा हे कळता कामा नये. डिस्टॉर्शन बंद ठेवून महिनाभर कर, तुझ्या आत्ताच्याच गिटारवर. जमलं तर मग परत लिही, तेव्हा कदाचित घे म्हणेन.

प्रश्न: अ‍ॅनिमल्स अ‍ॅज लीडर्सच्या पहिल्या अल्बमवर ड्रम्स खरे नाहीत म्हणे, कॉम्प्युटरचे आहेत. ही फसवणूक नाही का?

लपवलं असतं तर फसवणूक. ते ड्रम्स मिशा मन्सूरने प्रोग्रॅम केलेत, अल्बमही त्याच्याचसोबत झाला, सगळं उघड आहे. आणि कॉम्प्युटरवर लिहून ठेवलेलं नंतर हाडामांसाच्या ड्रमरला स्टेजवर वाजवावं लागलंच, आधी नावीन कोपरवाइसला, २०१२ पासून गार्स्टकाला. मला वाटतं यंत्राने या ड्रमरना बिघडवण्याऐवजी घाबरवून चांगलं केलंय.

प्रश्न: आमचा चौघांचा इन्स्ट्रुमेंटल बँड आहे, दोन गिटार, बेस, ड्रम्स. तयारी भरपूर करतो, कठीण गाणी आहेत, चुकत नाही. तरी तिसऱ्या गाण्यापासून लोक मोबाइल काढतात. काय कमी पडतंय?

तुमचं रेकॉर्डिंग ऐकलं, पाठवलंत बरं केलंत. कमी काही पडत नाहीये, सगळंच जास्त आहे. दुसऱ्या मिनिटापासून पाचव्यापर्यंत चौघंही एका क्षणासाठीसुद्धा थांबत नाही. पंगतीत चौघं एकदम बोलायला लागले की शेजारचा माणूस जेवणाकडे बघतो, तसंच लोक मोबाइलकडे बघतात.

गायक असलेल्या बँडला एक फायदा फुकट मिळतो, गायक तोंड उघडतो तेव्हा बाकीचे झक मारत मागे सरतात. तुमच्यात मागे कुणी सरत नाही कारण सरायचं कुणासाठी तेच ठरलेलं नाही. पुढच्या तालमीला कागद घेऊन बसा आणि प्रत्येक गाण्याच्या प्रत्येक तुकड्यापुढे एकाचंच नाव लिहा, या सोळा बारमध्ये गातोय कोण. दोघांची नावं आली तर एक खोडा, आणि त्यावरून भांडण होईल ते होऊ द्या, उपयोगाचं भांडण आहे.

मग प्रत्येक गाण्याची मुख्य सुरावट वाद्य न घेता नुसती शिट्टीवर वाजवून बघा. मी तुमची चारही गाणी ऐकून लगेच करून बघितलं, फक्त दुसऱ्या गाण्याची येते. बाकी तिन्हींत रिफ आहेत, उत्तम आहेत, पण रिफवर माणूस मान डोलावतो, घरी घेऊन जातो ती सुरावट. आणि ते तिसरं गाणं, जिथे सगळे थांबतात आणि बेस एकटाच दोन बार वाजवतो, तिथे मी हातातलं काम सोडून ऐकलं. दोन बारचे आठ करा.

प्रश्न: अ‍ॅनिमल्स अ‍ॅज लीडर्स असं विचित्र नाव का? आणि ऐकायला सुरुवात कुठून करू?

नाव डॅनियल क्विन यांच्या 'इश्माएल' या १९९२ च्या कादंबरीवरून सुचलेलं, त्यात एक गोरिला माणसाला शिकवत असतो. सुरुवात २०१४ च्या 'द जॉय ऑफ मोशन'पासून कर, त्यात दारं जास्त उघडी आहेत. मग मागे २००९ चा पहिला. 'वेटलेस' आणि 'द मॅडनेस ऑफ मेनी' नंतर कधीही. २०२२ चा 'पॅरीझिया' शेवटी ठेव आणि झोपायच्या आधी लावू नकोस, मी लावला होता आणि दोन वाजता उठून मांडीवर ठोके मोजत बसलो होतो.